हिस्लॉपांचे बिऱ्हाड

नागपुरात हिस्लॉप हे नाव ऐकले नाही असा सुशिक्षित मनुष्य विरळा. कित्येक घरांतील आजोबा, वडील आणि आता नातवंडेही त्या नावाच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली आहेत. परंतु हे नाव ज्यांचे, ते गृहस्थ कोण, असे विचारले तर बहुधा ‘कोणी स्कॉच पाद्री होते’ एवढेच उत्तर मिळते. क्वचित एखादा इतिहासप्रेमी १८१७ सालच्या मराठे-इंग्रज युद्धातील सेनापती सर टॉमस हिस्लॉप यांच्याशी त्यांचा घोटाळा करतो. महिदपूरची लढाई जिंकणारे ते सेनापती निराळे आणि हे निराळे. मात्र योग असा, की ज्या वर्षी सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज पराभूत झाली, त्याच १८१७ सालच्या ८ सप्टेंबरला स्कॉटलंडातील डन्स या लहानशा गावी आपले हे स्टीफन हिस्लॉप जन्मास आले.

आज मला बोलावयाचे आहे ते मात्र एकट्या हिस्लॉपांविषयी नव्हे. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या बिऱ्हाडाविषयी. चौकात उभे राहून व्याख्यान देणारा पाद्री आपल्या नजरेसमोर चटकन उभा राहतो, पण मिशनचे खरे काम व्याख्यानात झाले असे मला वाटत नाही. ते झाले घरात. लोक त्या घरी येत, ओटीवर बसत, दोन प्रश्न विचारीत, पोरांना शाळेत घालावे की न घालावे याचा अंदाज घेत. घर म्हटले की तेथे घरधनीण आलीच. हिस्लॉपांच्या पत्नीचे नाव एरास्मा. सदरमध्ये आयुष्य काढूनही हे नाव उच्चारणारा मनुष्य मला फार क्वचित भेटला आहे.

हे जोडपे येथे आले त्याची हकिकत थोडी मागून सुरू होते. १८४१ साली बर्लिनच्या गॉसनर यांनी पाठविलेली जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी अमरकंटकच्या बाजूस, करंजिया नावाच्या गावी येऊन राहिली. नर्मदेचा उगम तो. आपल्या दृष्टीने परिक्रमेचे पवित्र स्थान. त्यांच्या दृष्टीने तो गोंडांचा मुलूख. लोएश हे त्यांचे प्रमुख. स्वतः शेती करून, गोंडांसारखे राहून धर्म सांगावा असा त्यांचा बेत होता. १८४२ च्या पावसाळ्यात रोगराईने त्यांतील चौघांना थोड्याच दिवसांच्या अंतराने गाठले आणि तो बेत तेथेच मातीआड झाला. जे वाचले ते कामठीच्या छावणीकडे आले. सातपुड्याच्या त्या भागातला पावसाळा ज्याने पाहिला असेल, त्याला यात नवल वाटणार नाही. वनवासी लोक तेथे पिढ्यान् पिढ्या राहतात ते तेथील ऋतूंची आणि पाण्याची नस ओळखून राहतात. नुसता सद्‌हेतू त्याला पुरत नाही.

त्याच सुमारास मद्रासच्या फौजेतील कॅप्टन हिल नावाचा अधिकारी कामठीस होता. नागपूरच्या प्रांतात मिशन निघावे म्हणून त्याने पदरची मोठी रक्कम देऊ केली आणि मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या मार्फत स्कॉटलंडकडे बोलणे लावले. स्कॉटलंडात १८४३ साली राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च हे नवे मंडळ निघाले होते. उत्साह पुष्कळ, पैसा थोडा. त्या फ्री चर्चने सत्तावीस वर्षांच्या हिस्लॉपांची निवड केली. निघण्यापूर्वी त्याच वर्षी, म्हणजे १८४४ मध्ये, त्यांचे लग्न झाले होते. डिसेंबरात नवराबायको मुंबईस उतरली आणि १८४५ च्या फेब्रुवारीत कामठीस पोहोचली. तेव्हा आगगाडी नव्हती; ती नागपुरास आली १८६७ साली. लग्नाला वर्षही न झालेली ती परदेशी मुलगी मुंबईपासून कामठीपर्यंतचा सगळा रस्ता खुष्कीने आली, एवढ्यावरून तिच्या कणखरपणाची कल्पना यावी.

त्यावेळचे नागपूर हे भोसल्यांचे नागपूर होते. तिसरे रघुजी गादीवर, रेसिडेंट सीताबर्डीस, फौज कामठीस. शहर महालाच्या बाजूला. आणि आपले सदर म्हणजे इंग्रजी वस्तीच्या आधाराने वाढलेला बाजार. मद्रासी शिपायांमुळे कामठीत तमिळ कानी पडे, नागपुरात मराठी, आणि शहराबाहेर चार कोस गेले की गोंडी. हिस्लॉप मराठी शिकले. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात मुलांची शाळा काढली. तीच पुढे वाढत वाढत, त्यांच्या मरणानंतर वीस वर्षांनी, १८८३ साली महाविद्यालय झाली. मुलींना शिकविण्याचे काम बाईंकडे होते.

या मुलींच्या शिक्षणाविषयी चार शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण मिशनरी स्त्रियांच्या वाट्यास ते काम आपसूक येई आणि इतिहासात मात्र त्याची नोंद नवऱ्याच्या नावाखाली होई. मुंबईस डॉ. विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १८२९ साली मुलींची शाळा काढली आणि १८३५ मध्ये त्या तेथेच वारल्या. विल्सनसाहेबांनी त्यांचे चरित्र लिहिले, म्हणून त्यांचे नाव राहिले. मुलींना वाचावयास शिकविणे त्या काळी किती कठीण होते ते आपणांस सांगावयास नको. पुण्यास सावित्रीबाईंनी व जोतीरावांनी शाळा काढली ती १८४८ मध्ये, आणि त्यांच्या वाट्यास काय आले ते सर्वश्रुत आहे. परधर्माची, परदेशाची बाई मुलीला बोलावते, तेव्हा आई मुलीचा हात घट्ट धरून ठेवणार, हे ओघानेच आले. मग मुली येत त्या कोणाच्या? ज्यांना समाजाने आधीच दूर ठेवलेले होते त्यांच्या, नोकरचाकरांच्या, छावणीतल्या शिपायांच्या. एक मुलगी टिकली की तिच्या मागून दुसरी. हे काम मोजणीत फारसे येत नाही, पण ते ज्याने वर्गात उभे राहून केले आहे त्याला त्याचे वजन कळते.

घरी येणाऱ्या कुटुंबांची भीती निराधार होती असेही मी म्हणणार नाही. १८४८ सालचे बाबा पांडुरंग या ब्राह्मण विद्यार्थ्याचे प्रकरण त्याची साक्ष आहे. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलाने ख्रिस्ती होण्याची इच्छा धरली. भोसल्यांच्या सरकारने आपला प्रजाजन म्हणून त्याची मागणी केली आणि रेसिडेन्सीने त्याला स्वाधीन केले. हिस्लॉपांना हा विश्वासघात वाटला. त्यांच्या जागी राहून पाहिले तर तो होताही. आश्रयास आलेला मनुष्य बाहेर काढून द्यावयाचा, यापरते दुःख कोणते? पण त्या मुलाच्या आईच्या जागी राहून पाहिले, तर? शाळेत इंग्रजी व गणित शिकावे म्हणून धाडलेला मुलगा घरच्या देवांसह घर सोडून निघाला. त्या काळी धर्म सोडणे म्हणजे आईच्या हातचे जेवण, बहिणीची भाऊबीज, बापाचे श्राद्ध हे सर्व एका दिवसात सुटणे. मिशनरी चरित्रकार पहिले दुःख लिहितात आणि आपले लेखक दुसरे. दोन्ही एकाच घराच्या उंबरठ्यावर घडली.

पुढे अर्धशतकाने हीच गोष्ट दुसऱ्या एका जोडप्याच्या बाबतीत घडली आणि तिची सुरुवातही नागपुरातच झाली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल ठेवले. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंनी विरहाची वर्षे काढली, मग त्या नवऱ्याकडे गेल्या आणि पाच वर्षांनी त्यांनीही तोच मार्ग धरला. फरक एवढाच, की लक्ष्मीबाईंनी आपली हकिकत स्वतः लिहिली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली बाहेर आला. त्याच्या आदल्या वर्षी नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते. नवऱ्याच्या बरोबरीने उभी राहून, त्याच्या लहरी, त्याचा परोपकार आणि रिकामा डबा या सर्वांचा जमाखर्च मांडणारी मिशनरी पत्नी मराठीला मिळाली. एरास्माबाईंच्या वाट्यास तसे पुस्तक आले नाही.

आता सदरकडे येतो. येथील ऑल सेंट्स कॅथीड्रल आपण जाता-येता पाहतो. मूळ चर्च १८५१ सालचे. पुढे बोडली या विख्यात इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे ते वाढविण्यात आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरला स्वतंत्र बिशप आल्यावर ते कॅथीड्रल झाले. पहिले बिशप आयर चॅटर्टन यांनी १९१६ मध्ये गोंडवनाच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. हे चर्च इंग्लंडच्या राजपंथाचे. हिस्लॉपांचे मिशन स्कॉच प्रेस्बिटेरियन. एका गावात, एका देवाची, पण चुली दोन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे संयुक्त चर्च होते, मेथडिस्टांची एक शाखा होती, बाप्टिस्ट होते, ब्रदरेन होते आणि डिसायपल्स होते. उत्तर हिंदुस्थानातील इतक्या पंथांचे एकत्रीकरण आपल्या सदरमध्ये झाले, ही गोष्ट सदरमधील किती बिगर-ख्रिस्ती घरांना ठाऊक आहे?

मला ती कळली एका वृद्ध जोडप्याकडून. १९९० नंतरच्या एका नाताळात मी आईला, पत्नीला व दोन्ही मुलांना घेऊन अशा एका पाद्रीसाहेबांकडे गेलो होतो. आयुष्यभर खेड्यापाड्यांतून मिशनचे काम करून ते निवृत्त झाले होते आणि उतारवयात पतिपत्नी दोघेही चर्च पाहावयास येणाऱ्या मंडळींना माहिती सांगण्याचे काम हौसेने करीत. मी शाळामास्तर, मुलांना जुन्या वास्तू दाखविण्याचे वेड, त्यावरून ओळख झालेली. आई माझी जुन्या वळणाची. चर्च तिने बाहेरून, पायरीवर उभे राहून पाहिले. घरी गेल्यावर चहाचे नाव निघताच ती चुळबुळली. बाईंनी ते ओळखले. कपबशा आत नेल्या आणि केळ्यांचा एक घड व सुरी न लावलेली संत्री परातीत घालून आईपुढे ठेवली. म्हणाल्या, “बाई, फळ झाडाचं आहे, ह्याला आमचा हात कुठं लागला?” आई हसली आणि तिने संत्रे सोलले. मग दोघी आपापल्या सुनांविषयी तासभर बोलल्या. त्या बोलण्यात धर्माचा विषय निघाला नाही, किंवा सगळा तोच होता म्हणा.

पाद्रीसाहेब हिस्लॉपांच्या परंपरेतले आणि बाई अँग्लिकन घराण्यातल्या. १९७० पूर्वी दोघांची उपासना एक असली तरी प्रभुभोजनास बसताना अडचण येई. पंथ निराळे, त्यामुळे एका पात्रातून घेता येत नसे. “लग्नाला अठरा वर्षं झाली होती मास्तर,” बाई म्हणाल्या, “आणि त्या नोव्हेंबरात आम्ही पहिल्यांदा एकत्र पुढं गेलो.” साहेब म्हणाले, “त्या दिवशी गर्दी इतकी, की हिला शोधण्यातच अर्धा वेळ गेला.” मी हिस्लॉपांविषयी विचारले तेव्हा साहेबांनी महाविद्यालय, शाळा, टाकळीचे दगड असे सर्व सांगितले. बाई म्हणाल्या, “आणि त्यांची बायको? आमच्या खेड्यातल्या शाळेच्या पाटीवर ह्यांचं नाव आहे. मुलींना अक्षर लावायला मी शिकवलं.” हे तक्रारीच्या सुरात नव्हते. वर्गातल्या मुलाने चुकविलेली बेरीज दुरुस्त करावी तशा त्या बोलल्या. मी त्या दिवसापासून हिस्लॉपांची हकिकत सांगताना बाईंचे नाव घेतो.

टाकळीचे दगड म्हणजे काय ते सांगतो. सदरहून थोड्या अंतरावर, आज जेथे पोलिस लाइन आहे, त्या टाकळीच्या माळावर १८५१ साली हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना खडकात जीवाश्म सापडले. हंटर १८४७ मध्ये आले होते, १८५५ मध्ये प्रकृतीमुळे परतले आणि पुढे विलायतेत मोठा कोश रचून प्रसिद्धीस आले. आपल्या दक्षिणेचा काळा खडक म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर. परंतु दोन उद्रेकांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षे शांततेची जात. तेवढ्यात तळी साठत, त्यांत शंख, मासे, झाडेझुडपे होत, आणि मग पुन्हा वरून रस येऊन ते सर्व झाकून टाकी. टाकळी व सीताबर्डी येथे या दोन थरांमधला गाळ उघडा पडलेला होता. त्यातील गोड्या पाण्याचे शंख व वनस्पतींचे अवशेष या दोघांनी गोळा केले. १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात नागपूरच्या परिसराविषयीचा त्यांचा निबंध आला. चांद्याकडील मांगली येथून आलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी खुद्द रिचर्ड ओवेन यांनी केले. टाकळीच्या एका हिरवट खनिजास हॉटन नावाच्या शास्त्रज्ञाने ‘हिस्लोपाइट’ असे नाव दिले आणि दुसऱ्या एकास ‘हंटराइट’. हिस्लोपाइट हे स्वतंत्र खनिज नव्हे असे पुढे ठरले, पण नाव जुन्या पुस्तकांतून राहिले. जगाची उत्पत्ती बायबलात वाचणारा मनुष्य लक्षावधी वर्षांचे शंख खिशात घालून घरी येई, हे मला नेहमी नवलाचे वाटते. त्याला त्यात विरोध दिसला नाही.

त्याच टाकळीस १८५७ च्या जूनमध्ये घोडेस्वारांच्या पलटणीत उठावाची सिद्धता झाली होती. त्याची खबर हिस्लॉपांना ओळखीच्या एका माणसाकडून आधी मिळाली व ती अधिकाऱ्यांपर्यंत गेली. उठाव फसला, त्यातील पुढाऱ्यांना सीताबर्डीवर फाशी देण्यात आले. मिशनच्या ग्रंथांत ही ईश्वरी कृपा म्हणून सांगितली जाते. नागपूरकराला ती वाचताना आनंद होणे कठीण. मला तर होत नाही. या गृहस्थाचे मोठेपण सांगताना हाही भाग झाकून ठेवता येत नाही.

धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर हिस्लॉपांना मोठे यश आले नाही. त्यांच्या हातून जे टिकाऊ काम झाले ते, माझ्या मते, ज्यांचा धर्म पालटावा म्हणून ते आले त्यांचाच धर्म लिहून ठेवण्याचे. नागपूरजवळच्या एका परधानाकडून त्यांनी लिंगोची गाणी ऐकून उतरून घेतली. परधान म्हणजे गोंडांचे कुळगायक. किंगरी वाजवून वंशाची गाथा सांगणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्या गाथेत आहे ते असे: गोंडांना काचीकोपा लोहागडच्या गुहेत कोंडून ठेवले होते, चौघे निसटले, लिंगो जन्मला, त्याने त्यांना शेत पेरावयास शिकविले, राक्षसाकडून विस्तव आणला, वाद्य वाजवून त्याला नाचविले. ज्या भावांसाठी हे केले त्यांच्याच बायकांनी त्याच्यावर खोटा आळ घेतला, भावांनी त्याला मारले, तो पुन्हा उठला आणि सोळा विसा गोंडांना गुहेतून सोडवून त्याने त्यांची कुळे लावून दिली. निरपराधाला मारावे आणि त्याने उठून मारणाऱ्यांच्याच भाऊबंदांना सोडवावे, हे उतरून घेताना पाद्र्याच्या मनात काय आले असेल?

हे कागद हिस्लॉपांच्या हयातीत छापले गेले नाहीत. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्यात गोंडी बोल रोमन अक्षरांत, त्याखाली शब्दशः अर्थ, अशी मांडणी आहे. पुढे फोर्सिथ या अधिकाऱ्याने त्याचे इंग्रजी पद्य केले. आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी नागपुरातील मोतीरावण कंगाली या अभ्यासकाने गोंडी भाषा व कोया पुनेम धर्म यांचा शोध घेताना लिंगोच्या गाथेतील काचीकोपा लोहागड म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा, असे प्रतिपादन केले. याही कामात त्यांच्या पत्नी चंद्रलेखाबाई त्यांच्या जोडीला होत्या. कंगाली २०१५ साली वारले. १९८४ पासून मोजक्या मंडळींनी सुरू केलेल्या कचारगडच्या जत्रेला आता माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतून गोंड कुटुंबे लेकराबाळांसह येतात. त्यांना हिस्लॉपांची गरज होती असे नाही. गाथा परधानांच्या मुखी होतीच. परंतु लिहून ठेवलेले एक जुने साधन हाती होते, याचा उपयोग झाला.

आता शेवटची हकिकत. नागपूरहून वर्ध्याच्या बाजूस तीस-पस्तीस किलोमीटरवर बोरी, आणि तिच्याजवळ टाकळघाट. तेथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. खेड्यातील लोक ती गवळ्यांची म्हणत. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपल दौऱ्यावर असता हिस्लॉप त्यांच्याबरोबर ती वर्तुळे पाहावयास गेले. ४ सप्टेंबरला पाहणी झाल्यावर टेंपल पुढे मुक्कामावर गेले. हिस्लॉप गावातील शाळा तपासावयाची म्हणून मागे राहिले. पाऊस झालेला, ओढ्याला पाणी चढलेले. अंधार पडत असता हिस्लॉपांचा घोडा मुक्कामावर आला तो रिकामा. माणसे दिवट्या घेऊन मागे धावली तेव्हा त्यांना प्रेतच सापडले. आणखी चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीसावे वर्ष पुरे होऊन सत्तेचाळीसावे लागले असते. खेड्यातील शाळेच्या तपासणीसाठी मागे राहिलेला मनुष्य, एवढे एकच वाक्य त्यांच्याविषयी सांगावयाचे झाले तर मी हेच सांगेन. इतर सर्व, महाविद्यालय आणि खनिज, त्याच्यामागून. त्यांना नागपुरातच पुरले. लग्नानंतर एकोणीस वर्षांनी एरास्माबाईंच्या हाती मुले व नवऱ्याच्या कागदांची बोचकी एवढा संसार उरला. ते कागद जपले गेले, म्हणून टेंपलांना छापता आले.

त्या वर्तुळांचे पुढे काय झाले, हेही श्रोत्यांना ऐकावयास आवडेल. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट व शेजारच्या खापा येथे उत्खनन केले. टाकळघाटला जुन्या वस्तीचे पांढरीचे टेकाड, आणि खाप्यास दगडी वर्तुळांत त्या लोकांची दफने. लोखंडाची हत्यारे निघाली, तांब्याच्या वस्तू निघाल्या, काळी-तांबडी खापरे निघाली, आणि घोड्यांच्या साजाचे दागिनेही. मेलेल्याबरोबर घोड्याचा साज पुरण्याची चाल त्या लोकांत असावी. काळ अडीच हजार वर्षांहून मागचा. पुढे माहुरझरी येथे व नायकुंड येथेही अशीच कामे झाली; नायकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. नागपूरच्या आसपास अशी वर्तुळे इतक्या ठिकाणी आहेत, की पुष्कळ शेतकऱ्यांच्या बांधावरचा एखादा दगड त्यांतलाच असतो. गोवारी पोरे त्यावर बसून भाकर खातात.

ज्यांना मुलांसह जावयाचे असेल त्यांनी हिवाळ्यात जावे. बुटीबोरीपर्यंत मोटारी पुष्कळ आहेत, तेथून टाकळघाट जवळ. पावसाळ्यात ओढे अजूनही एकाएकी भरतात, सबब श्रावण-भाद्रपदात जाऊ नये. जुनापाणीची वर्तुळे शहराच्या अधिक जवळ आहेत. काटोलच्या रस्त्याने सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणास परत घरी येता येते.